शनिवारचा आलेख

कुत्र्याच्या औषधाला महिन्याला किती पैसे लागतात, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात मला गावातल्या जवळजवळ प्रत्येकाने विचारला. माझे उत्तर तयार असे. इन्सुलिनची बाटली, सिरिंजा, रक्त तपासायच्या पट्ट्या, नगरच्या डॉक्टरांची फी आणि तिथवरचे भाडे, अशी बेरीज मी करूनच ठेवली होती. ऐकणारा भुवया उंचावून "एवढ्यात तर शेळी येती की," म्हणे आणि पुढे जाई. त्या बेरजेचा मला थोडा अभिमानच होता. तिच्यात काय राहून गेले आहे, हे कळायला एक बुधवार उजाडावा लागला.

आम्ही कड्याला राहतो. मी बारावीत असताना वडील गेले. तेव्हापासून घरात आई, मी आणि कुत्रा. आई अंगणवाडी सेविका आहे. मुलांची वजने घेणे, ती तक्त्यावर मांडणे आणि दहा-बारा रजिस्टरे भरणे हे तिचे रोजचे काम. मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केले आहे आणि त्या वर्षी एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ला प्रवेश मिळवायचा, एवढे एकच उद्दिष्ट मी समोर ठेवले होते. आदल्या वर्षी मुलाखतीपर्यंत जाऊन मी परत आले होते. कुत्रा नऊ वर्षांचा, वडिलांनी सायकलच्या पिशवीतून आणलेला आणि आखूड शेपटीपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत काळा. त्याच्या अंगावर पांढरा केस शोधायचा म्हटला तरी सापडला नसता. हा रंग पुढे महत्त्वाचा ठरला.

फेब्रुवारीत तो पाण्याचे घमेले दिवसातून चारदा रिकामे करू लागला. खाणे वाढले आणि बरगड्या दिसू लागल्या. मग एके सकाळी अंगणात, त्याने जिथे लघवी केली होती तिथे मुंग्यांची दाट काळी रांग दिसली. मी ती लघवी बाटलीत धरून महाविद्यालयात नेली आणि प्रयोगशाळेत साखर ओळखायची बेनेडिक्ट चाचणी केली. निळे द्रावण तापल्यावर विटेसारखे लाल झाले. हीच चाचणी अकरावीच्या मुलांना मी आदल्याच महिन्यात ग्लुकोजच्या पुडीतून दाखवली होती. मुलांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या.

गावातल्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर सरळ माणूस. ते म्हणाले, "ताई, माझ्याकडं गाई येतात, म्हशी येतात, विंचू चावलेलं शेरडू येतं. कुत्र्याची साखर मी पुस्तकातच वाचलीय. नगरला न्या." नगरच्या डॉक्टर बाईंनी रक्त तपासले आणि दोन पर्याय मांडले. एक, दर बारा तासांनी इन्सुलिन, जिवात जीव असेपर्यंत, एकही वेळ न चुकवता. दुसरा पर्याय त्यांनी कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवत, आवाज न बदलता सांगितला. "तो सांगणं माझं काम आहे," त्या म्हणाल्या. मी लगेच पहिला स्वीकारला. आई बाजूला साखळी धरून बसली होती. तिला मी काही विचारले नाही.

सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेसात या दोन वेळांवर आमचे घर टांगले गेले. औषधाच्या दुकानदाराने पहिल्यांदा बाटली देताना विचारले, "पेशंटचं वय?"

"नऊ."

त्याचा चेहरा पडला. "अरे देवा. एवढ्या लहान वयात. घरात कुणाला होती का साखर?"

"कुत्रा आहे," मी म्हणाले. त्याने बाटली हातात तशीच धरून माझ्याकडे पाहिले. पुढच्या खेपेला मात्र त्याने आपण होऊन बिलावर तीन रुपये कमी केले आणि "पेशंट बरा हाय ना?" असे विचारले.

शेजारचे काका स्वतः मधुमेही. संध्याकाळी ते कुंपणापाशी येऊन बोट पुढे करत. "मास्तरीणबाई, कुत्र्याची बघता तर आमचीबी बघा की. आमी काय भुंकत न्हाई म्हणून सोडलं व्हय?" खिशात जिलबीची पुडी असे. एप्रिलमध्ये वीज दिवसातून सहा-सहा तास जाऊ लागली, तेव्हा इन्सुलिन फ्रिजमधून काढून ओल्या वाळूत पुरलेल्या माठात ठेवण्याची युक्ती त्यांनीच सांगितली. माठातला थर्मामीटर मी दर दोन तासांनी बघे.

अडचण पट्ट्यांची होती. प्रत्येक मोजणीला एक पट्टी जाई आणि कुत्र्याच्या कानाच्या कडेला टोचून रक्त काढावे लागे. रोज टोचले की कान सुजत. म्हणून डॉक्टर बाईंनी मला पद्धत घालून दिली: आठवड्यातून एकच दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत दर दोन तासांनी मोजा, त्याचा आलेख काढा आणि मला पाठवा, त्यावरून मात्रा ठरवू. मला शनिवारी तास नसत. म्हणून मी शनिवार निवडला. पट्ट्यांचा आणि कानांचा विचार करता इतर दिवशी मोजणे बंद ठेवले.

पहिल्या शनिवारी आलेख उंचच उंच राहिला. पाच युनिटची मात्रा सहा झाली. दुसऱ्या शनिवारीही तेच. सात. तिसऱ्या शनिवारी आठ. मी आलेखकागदावर बिंदू जोडत असे, एका अक्षावर वेळ, दुसऱ्या अक्षावर साखर, प्रत्येक बिंदूपाशी मात्रा आणि आहार. डॉक्टर बाईंनी उत्तरात लिहिले की माणसांच्या डॉक्टरांनाही असा आलेख कुणी पाठवत नाही. ते वाक्य मी दोनदा वाचले. मुलाखतीत काही विचारले तर हे उदाहरण देता येईल, असेही मनात आले.

त्याच सुमारास आई एकदा भांडी घासताना म्हणाली, "आठवड्याच्या मधी मधी हे लई गळाल्यावानी करतं बग. दुपारचं पाय वडत चालतं. बुधवारी तर अंगणवाडीतनं आले तर हाक मारली तरी उठंना."

"उन्हाने असेल," मी म्हणाले.

"ऊन तर शनिवारीबी असतं की."

"आई, मला आकड्यांवर जाऊ दे. त्याची साखर अजून तीनशेच्या खाली यायला तयार नाही."

तिने तवा पालथा घातला आणि हात पुसले. सकाळी सहा वाजता ती कुत्र्याला फिरवायला नेत असे, अनेक वर्षांची सवय. तेवढा एकच तास तो माझ्या नजरेआड असे. आहाराचा रकाना भरताना मी तिला विचारत असे आणि ती "भाकरी, दही, उकडलेली अंडी" असे सांगे. मी लिहून घेई.

चौथ्या शनिवारचा सकाळचा पहिलाच आकडा चारशेच्या वर होता, उपाशीपोटी. मला ते शास्त्रीयदृष्ट्या विचित्र वाटायला हवे होते. वाटले नाही, कारण मुलाखत चार दिवसांवर होती आणि मला उत्तरे हवी होती, नवे प्रश्न नकोत. मी डॉक्टर बाईंना एकदम दोनाने वाढवू का, असे विचारले. त्यांनी आलेख बघून होकार दिला, "पण लक्ष ठेवा" असे लिहिले. मात्रा दहा झाली.

मुलाखत बुधवारी सकाळी अकराला, घरूनच, लॅपटॉपवर होती. मी रजा घेतली होती. साडेसातला कुत्र्याला जेवण आणि इन्सुलिन दिले. आई नऊला अंगणवाडीत गेली. ती आमच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे आहे. इन्व्हर्टर भरलेला होता, मोबाइलचा डेटा तपासला होता, भिंतीवरचे कॅलेंडर काढून पाठीमागची जागा मोकळी केली होती.

दहा अठ्ठेचाळीसला ओट्याखाली धडपडीचा आवाज झाला. कुत्रा उभा राहायला बघत होता आणि मागचे पाय त्याला साथ देत नव्हते. मग तो कुशीवर पडला आणि त्याचे चारही पाय हवेत पोहू लागले. जबडा कटकट वाजत होता. तोंडाला फेस.

मी कानाला टोचले. मीटरने चौतीस दाखवले.

इथे जे मी केले ते मला अजूनही सहज सांगता येत नाही. मी त्या आकड्यावर विश्वास ठेवला नाही. चारशेचा प्राणी चार दिवसांत चौतीसवर कसा येईल? पट्टी खराब झाली असेल, उन्हाने, वाळूतल्या ओलाव्याने. मी दुसरी पट्टी काढली, पुन्हा टोचले, पुन्हा पाच सेकंद थांबले. समोर जनावर आचके देत होते आणि मी माझ्या आलेखाच्या बाजूने साक्षीदार शोधत होते. दुसऱ्या पट्टीने बत्तीस दाखवले.

मग हात चालू लागले. ग्लुकोजची पूड थोड्या पाण्यात कालवून मी त्याच्या हिरड्यांवर चोळू लागले, दातांच्या मध्ये बोट जाणार नाही याची काळजी घेत, कारण झटक्यात जबडा मिटला तर बोट राहिले नसते. दुसऱ्या हाताने आईला फोन लावला. "ये" एवढेच म्हणाले.

ती धापा टाकत आली. पदर कमरेला खोचलेला, हातांना खडूची धूळ. तिने एका नजरेत सगळे पाहिले आणि दारातच खाली बसली.

"शनिवारी न्हाई कधी असं झालं," ती म्हणाली.

"आज बुधवार आहे."

"त्येच म्हणतीय मी. शनिवारी खातं तवा बरं असतं."

माझा हात त्याच्या हिरडीवर तसाच थांबला. "शनिवारी काय खातो?"

आई माझ्याकडे बघत नव्हती. "हात चालव तू. चोळ आधी."

"काय खातो, आई?"

"पोळी. गुळाची. तिळाच्या तेलात भिजवून." तिने ओठ आवळले, मग सगळे एकदम बाहेर आले. "मारुतीच्या देवळामागं. तुझं गेल्या साली झालं न्हाई तवा गुरवाला इचारलं व्हतं. साडेसाती हाय म्हणला. काळ्या कुत्र्याला दर शनवारी, सूर्य उगवायच्या आत, काम होईस्तोवर. घरच्याच कुत्र्याला दिलं तर लई चांगलं."

"मला का नाही सांगितलं?"

"कावून सांगावं? ज्याच्यासाठी करायचं त्याच्या कानावर गेलं की फळ जातं."

घड्याळात दहा चोपन्न झाले होते. एकाच क्षणात चार आठवड्यांचे चार आलेख माझ्या डोळ्यांपुढे आडवे झाले. दर शनिवारी सकाळी सहाला गूळ, साडेसातला मोजणी. मी मोजत होते ती कुत्र्याची साखर नव्हती. आईच्या नवसाची होती. आणि त्या शनिवारच्या साखरेला पुरेल एवढे इन्सुलिन मी उरलेले सहा दिवस एका आजारी जनावराच्या मानेत टोचत होते. आठवड्यातला एकच दिवस तपासायचा आणि त्यावरून सातही दिवसांचा निष्कर्ष काढायचा, ही चूक अकरावीच्या मुलाने केली असती तर मी त्याचे गुण कापले असते. गुळाचे मला ठाऊक नव्हते, हे खरे. पण बुधवारचे पाय ओढणे मला सांगितले गेले होते, आणि मी त्याला आकडा नाही म्हणून बाजूला सारले होते.

पाय पोहायचे थांबले. श्वास मोठा आणि खडबडीत चालू होता. लॅपटॉपमधून बोलावणे आल्याची घंटी वाजली.

"जा," आई म्हणाली.

"मी नाही जात."

"जा म्हणते ना! याच्यासाठीच केलं का एवढं सगळं? काय करायचं ते सांग अन् ऊठ."

मी भराभर सांगितले. दर पाच मिनिटांनी हिरडीला पूड. पाणी घशात ओतायचे नाही. पंधरा मिनिटांनी कानाला टोचायचे. तिने कधी मीटर हातात धरले नव्हते. "बघितलंय मी," ती म्हणाली, "महिनाभर काय डोळं झाकून बसले व्हते काय?" मी हात धुतले. ओढणीवर फेसाचा डाग होता, तो आतल्या बाजूला वळवला आणि खोलीत जाऊन कॅमेऱ्यासमोर बसले.

चार परीक्षक होते. पहिला प्रश्न माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पावर होता. मी उत्तर देत होते आणि कान दुसरीकडे होते. बाहेर शांतता होती, आणि ती शांतता चांगली की वाईट हे ठरवायला माझ्याकडे काहीही साधन नव्हते. दुसरा प्रश्न विकरांच्या, म्हणजे एन्झाइमच्या, गतिकीवरचा. वाक्याच्या मध्येच दारात हालचाल झाली. आई चौकटीपाशी उभी होती, कॅमेऱ्याच्या मागे, परीक्षकांना दिसणार नाही अशी. तिच्या हातात अंगणवाडीतली पाटी होती, येताना तशीच घेऊन आलेली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते: ५१.

मी वाक्य पूर्ण केले.

"कृपया कॅमेऱ्याकडे पाहा," एक परीक्षक म्हणाले. "तुम्ही सारख्या वर बघता आहात."

त्यांना काय वाटले असेल ते उघड होते: भिंतीवर टिपणे लावून ही वाचते आहे. मी लॅपटॉप उचलला आणि खोलीच्या चारही भिंती त्यांना फिरवून दाखवल्या, दार सोडून. "घरात एक आजारी जनावर आहे," मी म्हणाले, "त्याची नोंद मला दिली जाते आहे. क्षमा असावी." पुढचा प्रश्न आला. त्यानंतर पाटीवर ७३ आले. शेवटच्या प्रश्नाच्या वेळी १०८, आणि खाली आईच्या बारीक अक्षरात: उठून बसला. दोन घास दिले.

मुलाखत संपल्यावर मी बाहेर आले तेव्हा तो आईच्या मांडीवर मान टाकून पडला होता आणि तिच्या साडीचा पदर चघळत होता. तिच्या हाताच्या अंगठ्यावर त्याचे दात लागलेले दिसत होते. दुपारच्या गाडीने आम्ही नगरला गेलो. डॉक्टर बाईंनी मात्रा पुन्हा पाचवर आणली. मी त्यांना सगळे सांगितले; गूळ, शनिवार, सहा वाजता. "आलेखावर मीही सही केली होती," त्या म्हणाल्या. मला बरे वाटावे म्हणून त्यांनी तसे म्हटले असावे. वाटले नाही.

परतीच्या गाडीत मी आईशी बोलले नाही. घरी आल्यावर बोलले आणि ते बोलणे चांगले नव्हते. मी अंधश्रद्धा हा शब्द वापरला. तिने, "तू मला इचारलं व्हतं का, याचा दवाखाना कोण सांभाळणार म्हणून? तुझं तू ठरवलंस, मी मान हलवली. माझं मी ठरवलं," असे उत्तर दिले. काका कुंपणापाशी आले होते, ते बोट खिशात घालून परत गेले. शनिवारची पोळी बंद झाली. आई त्याऐवजी देवळामागे त्याला कोरड्या भाकरीचा नखाएवढा तुकडा देऊ लागली आणि घरी येऊन मला तो दाखवल्यासारखे सांगू लागली: "एवढा. बोटाच्या पेरापेक्षा कमी." मी आता शनिवारऐवजी सोमवार, गुरुवार असे वार बदलत मोजू लागले. आलेख खाली आला. कुत्रा पुन्हा गल्लीत माणसांवर भुंकू लागला.

तीन आठवड्यांनी निवडीचे पत्र आले. आईने ते दोन्ही हातांनी धरून वाचले, मग मला जवळ घेतले आणि म्हणाली, "आता उद्यापन करावं लागंल."

"म्हणजे?"

"काम झालं की त्याच कुत्र्याला पोटभर गोडाचं. बोललेले मी."

"आई, पोटभर गोड दिले तर तो मरेल."

"दुसऱ्याला देता येत न्हाई. ज्याच्याकडनं घेतलं त्यालाच द्यायचं."

"नाही."

ती स्वयंपाकघरात गेली. पाच मिनिटांनी बाहेर येऊन तिने चुलीजवळच्या पाटावर बसून, शांत आवाजात सांगितले, "तू पुण्याला गेल्यावर सुई मी टोचायची, बरोबर ना? तू इचारलं न्हाईस, पण तसंच हाय. मग हे ऐक. नवस अर्धा ठिवून त्या जनावराला मी रोज हात लावायचा, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. काय झालं त्याला तर जलमभर माझ्या मनात राहील की म्या फेडलं न्हाई म्हणून झालं. तुझं विज्ञान माझ्या मनात येऊन बसणार हाय का?"

त्या आठवड्यात मी इतर सगळे मार्ग तपासले. महिन्याच्या करारावर कुणी टोचायला येईल का, याची चौकशी केली. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी, जन्मभर, असे म्हटले की माणसे हसत. पुण्याच्या वसतिगृहात कुत्रा ठेवता येत नव्हता. नगरच्या डॉक्टर बाईंचा दुसरा पर्याय माझ्या मनात एकदा आला आणि मी तो किती वेळ तिथे राहू दिला, हे मी इथे लिहिणार नाही. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, असा मेल मी लिहिला आणि पाठवला नाही.

तोडगा आईनेच काढला, आणि तो तिच्या कामातून आला. एका संध्याकाळी ती रजिस्टर भरत होती. मान न उचलता म्हणाली, "आमच्याकडं एक पोर हाय, लई अशक्त. त्याला बाकीच्यांएवढं वाढलं की ओकतं. डॉक्टरांनी त्याचं पोटभर किती ते चमच्यानं ठरवून दिलंय. तेवढं खाल्लं की माझ्या वहीत त्याचं पोट भरलं असंच लिव्हते मी, आन् ते खोटं नसतं. याचं पोटभर किती, ते तुझ्या बाईला इचार."

मी विचारले. डॉक्टर बाईंनी प्रश्न पुन्हा एकदा म्हणायला लावला आणि मग वजनाप्रमाणे सांगितले: नेहमीच्या जेवणाबरोबर, पुरणपोळीचा इतक्या ग्रॅमचा तुकडा, मात्रा तीच, दर दोन तासांनी मोजा. आईने तो तुकडा माझ्यासमोर काट्यावर तोलला. एक ग्रॅम जास्त भरला. तिने तेवढाच चिमटीने तोडून तोंडात टाकला. कुत्र्याला हळदकुंकू लावले, त्याने ते चाटायचा प्रयत्न केला. मग त्याने तुकडा न चावता गिळला आणि आणखी कुठे आहे म्हणून पाट हुंगला. आईने हात जोडले. मी मीटर हातात घेऊन बसले. दोनशे ऐंशी, तीनशे दहा, दोनशे चाळीस, एकशे ऐंशी. त्या दुपारी आम्ही दोघी घराबाहेर पडलो नाही.

संध्याकाळी साडेसातला सुई आईने टोचली. पहिल्यांदा ती कातडीच्या चिमटीतून आरपार गेली आणि औषध केसांवर सांडले. मी पुन्हा टोचू नको, असे सांगितले. किती आत गेले हे कळत नसताना दुसरी मात्रा द्यायची नसते. तिने मान हलवली आणि तो नियम रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवला. पुढचे पंधरा दिवस दोन्ही वेळा तिनेच टोचले आणि मी फक्त बघितले. मध्ये हात न घालता बघणे मला जमत नव्हते, म्हणून मी खरोखरच हात पाठीमागे बांधत असे.

निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "उद्या साडेसातला तू गाडीत असशील. फोन करू नकोस. तू बघतीस असं वाटलं की माझी सुई चुकती. मी करीन."

साडेसातला आमची एस.टी. नगरच्या स्थानकात उभी होती. कंडक्टर चहा पीत होता. मी फोन मांडीवर पालथा ठेवला. सात चाळीसला गाडी सुटली. पावणेआठला मी फोन सुलटा केला आणि पुन्हा पालथा केला. शेजारच्या बाईने विचारले, "कुणाचं ऑपरेशन हाय का?" मी नाही म्हणाले. सात त्रेपन्नला फोन वाजला.

"झालं," आई म्हणाली. "दोनशे चार. पाच दिलं."

"काय खाल्लं त्याने?"

"सांगते, दम धर. अर्धी भाकरी, दही, एक अंडं. आन् काकांनी खारीचा तुकडा टाकला, मी आडवस्तोवर गिळला. त्यांना लई बोलले. लिव्हून ठिवलंय."

"आणि तू काय करते आहेस?"

"काय करणार, अंगणवाडीला जायची तयारी." मग म्हणाली, "तलवाड्याच्या लग्नाला येत न्हाई म्हणून कळवलंय मामाला. हळदीला दोन रात्री ऱ्हावं लागतं, ते आता जमायचं न्हाई."

तिच्या सख्ख्या भावाच्या मुलीचे लग्न होते ते. तिने त्यासाठी चैत्रातच साडी घेऊन ठेवली होती.

"आई, दोन दिवसांसाठी मी येते ना. मी रजा—"

"पहिल्याच महिन्यात रजा? येडी का काय तू?"

गाडी पुणे रस्त्याला लागली होती आणि खिडकीतून वारा एवढा येत होता की तिचा आवाज तुटत होता. मला तिला पुष्कळ काही सांगायचे होते.

"डोस बरोबर आहे," मी म्हणाले.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.